गोल कुणी खाल्ला?

३१ जानेवारी २०२०. इंडियन सुपर लीगच्या गुणतक्त्यात एफसी गोवा पहिल्या क्रमांकावर, साखळीचे तीन सामने बाकी. त्या दिवशी क्लबनं प्रशिक्षक सर्जिओ लोबेराला नारळ दिला. उरलेले तीन सामने क्लिफर्ड मिरांडानं सांभाळले. तिन्ही जिंकले. गोवा साखळीत अव्वल राहिला आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात पोचणारा पहिला भारतीय क्लब झाला. मालकांचं चुकलं नाही, असं तेव्हा वाटलं. मग उपांत्य फेरीत चेन्नईयिननं चेन्नईत चार गोल चढवले. परतीच्या सामन्यात फातोर्ड्यावर गोव्यानंही चार मारले, पण दोन खाल्ले आणि एकूण हिशेबात ५-६ नं घरी बसला.

पुढच्या सीझनला लोबेरा मुंबई सिटीच्या बाकावर होता. सोबत अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्यूगो बूमूस आणि आपला मंदार राव देसाई, चौघंही कालपर्यंत गोव्याचे. कोरोनामुळे सगळे सामने गोव्यातच, रिकाम्या स्टेडियममध्ये. उपांत्य फेरीत मुंबईपुढे आला तो एफसी गोवाच, आणि पेनल्टीवर हरला. १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्यावर बिपिन सिंगनं ९० व्या मिनिटाला गोल मारला, मुंबईनं एटीके मोहन बागानला २-१ नं हरवलं. साखळीची शील्ड आधीच खिशात होती, आता करंडकही आला.

आता सांगा, गोव्याचा करंडक कुणामुळे हुकला? लोबेरामुळे म्हणावं तर तोच माणूस वर्षभरात दोन्ही किताब घेऊन बसला. खेळाडूंमुळे म्हणावं तर त्यातले चार जण त्याच्याबरोबर तेच किताब उचलत होते. उरतो तो प्रशिक्षकाला काढणारा आणि खेळाडूंना जाऊ देणारा. त्याला कुणी विचारलं नाही.

माझं म्हणणं साधं आहे. संघ हरला की आधी अपयशाची मुदत बघा. एका संध्याकाळचं अपयश खेळाडूचं असू शकतं. सहा-आठ आठवड्यांचं असेल तर प्रशिक्षकाला जाब विचारा. वर्षानुवर्षांचं असेल तर मालकाची मान धरा. आणि सगळेच क्लब एकदम गाळात गेले असतील तर फेडरेशनच्या दारात जाऊन उभे राहा. अपयश जितकं लांबतं आणि पसरतं तितकी जबाबदारी वर सरकते. आपल्याकडे मात्र ती नेमकी उलटी, खाली घसरते.

उज्जैनात बसून गोव्या-मुंबईचे हिशेब कशाला मांडता, असं मला फ्रीगंजातले मित्र विचारतात. आमच्या शहरात फुटबॉलचा नामांकित क्लब नाही, हे खरंच आहे. इथली खेळातली ओळख मल्लखांबाची. पण मराठी घरातली पोरं मुंबई सिटीची जर्सी घालून फिरतात, रात्री जागून सामने बघतात आणि संध्याकाळी मिळेल त्या मोकळ्या जागेत चेंडू घेऊन उतरतात. शिवाय हरल्यावर बोट कुणाकडे दाखवायचं, ही सवय कोट्यवधींच्या क्लबात आणि गल्लीतल्या क्लबात एकच आहे.

गेल्या हिवाळ्यात दसरा मैदानावर सतरा वर्षांखालच्या पोरांचा एक सामना बघत होतो. फक्कीच्या रेषा अर्ध्या पुसलेल्या, गोलपोस्टच्या पुढ्यात गवताची काडी नाही, नुसती धूळ. हरणाऱ्या बाजूचा गोली पंधरा-सोळा वर्षांचा. त्याच्या ग्लोव्हजचे तळवे फाटून आतला फोम दिसत होता आणि एका मनगटाचा पट्टा तुटला म्हणून तिथे बुटाची नाडी गुंडाळलेली. चार गोल बसले. त्यातले तीन, बचावातला स्टॉपर वर चढून वेळेत परत न आल्यामुळे. शिट्टी वाजली तसे क्लबचे अध्यक्ष खुर्चीतून उठून मैदानात आले आणि सगळ्यांच्या देखत त्या पोराला म्हणाले, “तेरी वजह से हारे हैं.” पोरगं मान खाली घालून नाडी सोडत राहिलं.

त्यांचा कोच म्हणजे कॉलेजात शिकणारा मुलगा, बिनपगारी. त्याला बाजूला घेऊन विचारलं. सराव जेमतेम आठवडाभर झाला होता, कारण मैदान दुसऱ्या कार्यक्रमाला दिलेलं. नेहमीचा स्टॉपर यादीत नव्हता. यादी आदल्या रात्री कार्यकारिणीकडून आली, त्यानं ती नुसती वाचून दाखवली. यादी कुणी केली, त्या स्टॉपरचं नाव कुणी कापलं, हे विचारलं तर जो तो दुसऱ्याकडे बघायला लागला. अध्यक्षांना विचारलं तर ते म्हणाले कमिटीनं केली. कमिटीतले म्हणाले वरून आली. चार गोलांची जबाबदारी ठरवायला त्यांना एक मिनिट लागलं नव्हतं.

गोली हा सगळ्यात शेवटचा माणूस. त्याच्या पुढ्यात दहा जणांकडून चेंडू निसटलेला असतो, पण जाळीत गेलेला दिसतो तो त्याच्या हातातून. म्हणून शिव्या त्याला. प्रशिक्षकाचंही तेच. तो बाकावर दिसतो, कॅमेरा त्याच्यावर असतो, त्याला काढायला एक पत्र पुरतं. पंचवीस खेळाडू बदलता येत नाहीत, मालक स्वतःला बदलत नाही, मग उरतो कोण?

याचा अर्थ खेळाडू आणि प्रशिक्षक धुतल्या तांदळासारखे, असा मुळीच नाही. १७ नोव्हेंबर २०१५ ला फातोर्ड्यावर मुंबई सिटीनं एफसी गोव्याकडून सात गोल खाल्ले, मारला एकही नाही. डुडूची हॅट्ट्रिक, हाओकिपची हॅट्ट्रिक. मुंबईकडे तेव्हा सुनील छेत्री होता, त्या वर्षीच्या लिलावात सर्वात जास्त बोली लागलेला. एखाद्या संध्याकाळी सात गोल बसतात तेव्हा मैदानातल्या अकरा जणांनी मान खाली घातलीच पाहिजे. जागा सोडून पळणं, पडल्यावर परत न उठणं, चेंडू गेला की हात वर करून रेफरीकडे बघत राहणं, हे मालक शिकवत नाही. पण त्या संघाचा प्रशिक्षक कोण होता? निकोला आनेल्का. तो खेळाडूही होता आणि प्रशिक्षकही. ज्यानं आदल्या वर्षी त्याच संघात पुढे खेळायचं काम केलं, त्याच्या हातात अख्खा संघ दिला. त्यानं नाही म्हणायला हवं होतं, हेही खरं. तरी हो म्हणण्याचा मोह ज्यांनी त्याच्यापुढे ठेवला ते स्टँडमध्ये बसले होते. मुंबई आठ संघांत सहावी आली. पुढच्या वर्षी आलेक्सांद्रे गिमारायसला आणलं, दिएगो फोर्लानला आणलं, आणि तीच मुंबई साखळीत पहिली. क्लब तोच, जर्सी तीच. निर्णय बरा घेतला.

मालकाचं श्रेय मी नाकारत नाही, हे लक्षात घ्या. २०१६ चं श्रेय त्यांचंच. म्हणूनच २०१५ चं अपश्रेयही त्यांचं. एक घ्यायचं आणि दुसरं आनेल्काच्या खात्यावर टाकायचं, हे चालणार नाही.

मुंबईचंच दुसरं उदाहरण जास्त बोचतं. कूपरेजवर खेळणारा मुंबई एफसी. २००७ साली स्थापन झालेला, पैसा बेताचा, नावाजलेले परदेशी खेळाडू नाहीत. खालिद जमीलनं २००९ पासून सात सीझन हा संघ आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशाच्या मुख्य लीगमध्ये, टिकवून धरला. त्याच्या खेळाला लोक कंटाळवाणा म्हणायचे. बचाव घट्ट, एखादा गोल, एखादा गुण, आणि सीझनच्या शेवटी संघ पहिल्या डिव्हिजनमध्ये शाबूत. २०१६ मध्ये तो मुंबई एफसीतून बाहेर पडला आणि आयझॉलला गेला. आयझॉल म्हणजे नुकताच खाली ढकलला गेलेला, गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून पुन्हा वर घेतलेला संघ. ३० एप्रिल २०१७ ला तो संघ भारताचा विजेता झाला. त्याच सीझनमध्ये मुंबई एफसी दहा संघांत दहावा. संतोष कश्यपला मध्येच काढलं, ऑस्कर ब्रुझॉनला आणलं, काहीही उपयोग झाला नाही. क्लब खाली गेला आणि पुढे बंदच पडला.

ज्या माणसानं सात वर्षं छप्पर टिकवलं त्याला टिकवता येत नसेल, तर छप्पर कोसळल्यावर नव्या माणसाला दोष देऊन काय मिळणार? कूपरेजवर दर सामन्याला येणारे काही शे लोक होते. चर्चगेटला उतरून चालत येणारे, ड्रम घेऊन येणारे. त्यांच्यापुढे येऊन क्लब का बुडाला हे नीट सांगायला हवं होतं. क्लब बंद करताना हिशेबाचे कागद बँकेला दाखवतात, तेवढीच बांधिलकी प्रेक्षकांशीही असते असं मी मानतो.

मालकाच्याही वर एक मजला आहे. नियम करणाऱ्यांचा.

२०१४-१५ चा आय-लीग आठवा. पुण्याचा भारत एफसी, कल्याणी समूहाचा नवा क्लब, बालेवाडीत खेळणारा. अकरा संघांत अकरावा आला. त्याच्या वर, दहाव्या क्रमांकावर, गोव्याचा धेंपो. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो. खाली कोण गेला? धेंपो. कारण भारत एफसीला थेट प्रवेश देताना फेडरेशननं त्याला खाली न ढकलण्याचं अभय दिलं होतं. आणि ज्याच्यासाठी हे अभय होतं, तो भारत एफसी त्याच एका सीझननंतर गाशा गुंडाळून मोकळा झाला. शेवटचा आलेला क्लब वाचला आणि बंद झाला. त्याच्या वर आलेला क्लब हद्दपार झाला. धेंपोनं पुढच्याच वर्षी सेकंड डिव्हिजन जिंकून परत येऊन दाखवलं, पण २०१६ मध्ये फेडरेशनच्या नव्या आराखड्याचा निषेध म्हणून धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा या तिघांनी आय-लीगला रामराम ठोकला. धेंपो पुन्हा आय-लीगमध्ये दिसला तो २०२४ मध्ये. दहाव्या क्रमांकाची जबाबदारी धेंपोच्या खेळाडूंची, ती त्यांनी मैदानात फेडली. नंतरची आठ वर्षं कुणाच्या खात्यावर टाकायची?

पुण्याचा विषय निघालाच आहे तर पुणे एफसीही आठवतो. अशोक पिरामल समूहाचा. डेरिक परेराच्या हाताखाली २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला, अकादमी चांगली बांधली, पोरं घडवली. तोही गेला. डीएसके शिवाजियन्स आला, गेला. एफसी पुणे सिटी आला, गेला. एका शहरात पाच-सहा वर्षांत चार क्लब मिटतात. यात कुठल्या गोलीनं कुठला गोल खाल्ला हे विचारण्यात अर्थ नाही. चार वेगवेगळे मालक, चार वेगवेगळे प्रशिक्षक, आणि शेवट सारखा. मग दोष त्या चौघांच्या डोक्यावर असलेल्या व्यवस्थेत शोधावा लागतो.

ती व्यवस्था डिसेंबर २०१० मध्ये ठरली. भारतीय फुटबॉल महासंघानं आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा, सातशे कोटींचा करार केला. अध्यक्ष होते गोंदियाचे प्रफुल्ल पटेल. या करारातून सुपर लीग उभी राहिली, तिनं स्टेडियमला माणसं आणली, पोरांना पगार चांगले मिळू लागले. हे मी मोकळेपणानं मान्य करतो. पण तिच्यात खाली जाण्याची भीतीच ठेवली नाही. २०२३ पासून आय-लीगचा विजेता वर येऊ लागला. तरी २०२४-२५ पर्यंत तळाचा क्लब कधी खाली गेला नाही. जिथे शेवटचा नंबर आला तरी पुढच्या वर्षी जागा पक्की, तिथे मालकाला कशाची झळ लागणार? झळ लागते ती प्रशिक्षकाला, त्याची दर वर्षी बदली होते. खेळाडूंना, ते ऐन हंगामात क्लब शोधत फिरतात.

आणि पंधरा वर्षं संपत आली तेव्हा काय झालं? करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार हे सगळ्यांना २०१० पासून माहीत होतं. तारीख कागदावर होती. तरी जुलै २०२५ मध्ये आयोजक कंपनीनं सीझन थांबवला. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीनं खेळाडूंचे आणि स्टाफचे पगार रोखले. नव्या निविदेला नोव्हेंबरमध्ये एकही बोली आली नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टात. डिसेंबरमध्ये सिटी फुटबॉल ग्रुपनं मुंबई सिटीतून अंग काढून घेतलं. लीगचं भवितव्य अनिश्चित आहे, हे कारण त्यांनी दिलं. मँचेस्टर सिटीचे मालक, २०१९ मध्ये मुंबईत ६५ टक्के हिस्सा घेऊन आलेले, शील्ड आणि करंडक जिंकून दाखवलेले, ते निघून गेले. सीझन सुरू झाला २०२६ च्या फेब्रुवारीत, तोही आखडलेला.

त्याच काळात राष्ट्रीय संघ हरत होता. जून २०२४ मध्ये इगॉर स्टिमॅच गेला. त्याच्या जागी महासंघानं मानोलो मार्केझला नेमलं आणि एफसी गोव्याची नोकरीही चालू ठेवू दिली. देशाचा संघ अर्धवेळ. आठ सामन्यांत एक विजय. जुलै २०२५ मध्ये तोही गेला. ऑगस्टमध्ये खालिद जमीलच्या गळ्यात माळ घातली, लीग बंद, खेळाडूंच्या पायात सामन्यांचा दम नाही. १४ ऑक्टोबरला फातोर्ड्यावर सिंगापूरविरुद्ध छांगटेनं आघाडी मिळवून दिली, आणि भारत १-२ नं हरला. २०२७ च्या आशियाई चषकाची दारं बंद झाली.

त्या सामन्यात आघाडी राखता आली नाही, याचा जाब जमीलनं आणि त्याच्या बचावफळीनं दिलाच पाहिजे. ती एका संध्याकाळची गोष्ट, त्यांची. पण अर्धवेळ प्रशिक्षकाची वर्षभराची गोष्ट मार्केझची नाही, त्याला परवानगी देणाऱ्यांची आहे. आणि पंधरा वर्षं दिसत असलेली तारीख उजाडली तेव्हा हात रिकामे असणं, ही पटेलांपासून कल्याण चौबेंपर्यंत महासंघाच्या कार्यालयात बसलेल्या सगळ्यांची गोष्ट. पटेलांना २०२२ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं हटवलं, मुदत संपूनही निवडणूक घेतली नव्हती म्हणून. ऑगस्टमध्ये फिफानं भारतावर बंदीही घातली, काही दिवसांसाठी का होईना. ही घसरण कुठल्याही स्टॉपरच्या चुकीनं झालेली नाही.

प्रेक्षकांनाही एक सांगायचं आहे. दोन सामने हरले की स्टँडमधून प्रशिक्षकाच्या नावानं ओरडा सुरू होतो. मालकाला हे फार सोयीचं पडतं. तुम्ही मागणी केली, त्यानं पुरी केली, हिशेब मिटला. पुढच्या वेळी ओरडायचंच असेल तर बजेट विचारा, खेळाडू कुणी निवडले ते विचारा, अकादमीत किती पोरं आहेत ते विचारा. ही प्रश्नावली घोषणेत बसत नाही, पण बॅनरवर बसते.

आता आमच्या मध्य प्रदेशाकडे येतो, कारण वेगळं करून दाखवलेलंही इथे आहे. क्रिकेटचं आहे, तरी सांगतो. १९९९ मध्ये मध्य प्रदेश रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात बंगळुरूला कर्नाटकाकडून हरला, कर्णधार होता चंद्रकांत पंडित. मार्च २०२० मध्ये संघटनेनं त्याच चंदू पंडितांना प्रशिक्षक नेमलं आणि संघ त्यांच्या हाती सोपवला. शिस्त कडक, शिबिरं लांब. जून २०२२ मध्ये त्याच चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेशानं मुंबईला हरवून करंडक जिंकला. हा संघ हरला असता तर जबाबदारी कुणाची, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. अधिकार दिला होता, म्हणून जबाबदारी मागता आली असती.

आणि उज्जैनचे योगेश मालवीय. मल्लखांबाचे प्रशिक्षक, २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळालेले. मल्लखांब हा २०१३ पासून मध्य प्रदेशाचा राज्यखेळ. इथे शिकवणारा माणूस वर्षानुवर्षं त्याच पोरांबरोबर असतो. पोरगं कोणत्या पकडीत घसरतं, कुणाच्या खांद्यात दम नाही, हे त्याला पाठ असतं. म्हणून पोरगं स्पर्धेत घसरलं तर तो पुढे होऊन म्हणू शकतो की कमी मी पडलो. सहा महिन्यांच्या करारावर आणलेल्या परदेशी कोचला हे म्हणायची सोयच आपण ठेवत नाही. गोव्यात आर्मांडो कुलासोंनी धेंपोला पाच राष्ट्रीय किताब मिळवून दिले, ते एकाच क्लबात दहाहून जास्त वर्षं राहून. त्यांना २०२४ चा द्रोणाचार्य मिळाला तेव्हा मला फार समाधान वाटलं. पण आजच्या सुपर लीगमध्ये दहा वर्षं एका बाकावर बसलेला एक तरी प्रशिक्षक दाखवा.

शहडोल जिल्ह्यातलं विचारपूर तर आमच्याच राज्यातलं. आदिवासी गाव, घराघरात फुटबॉल, ज्याचा उल्लेख पंतप्रधानांनी जुलै २०२३ मध्ये ‘मन की बात’मध्ये केला. तिथे रईस अहमद नावाच्या प्रशिक्षकानं पोरापोरींना खेळाकडे वळवलं. तिथली पोरं खेळतात, जिल्ह्यात जिंकतात, राज्यात जातात. मग राज्याचा एकही क्लब देशाच्या वरच्या लीगमध्ये का नाही? पोरं कमी पडतात म्हणून? मी मैदानावर पोरं बघतो. पोरं कमी पडत नाहीत.

म्हणून उज्जैनातल्या स्पर्धा भरवणाऱ्यांना एक मागणी आहे. संघाच्या नोंदणीच्या अर्जात खेळाडूंची नावं, वय, आधार नंबर, सगळं भरून घेता. त्यातच चार रकाने वाढवा. संघ कुणी निवडला. सराव किती दिवस झाला. साहित्यावर किती खर्च केला. आणि कोचला किती मानधन दिलं. प्रत्येक रकान्यापुढे सही. अर्ज मैदानाच्या फलकावर लावा, नाणेफेकीच्या आधी. हरलेल्या संघाचे अध्यक्ष मैदानात येऊन कुणाला काही बोलणार असतील तर त्यांनी आधी तो फलक वाचावा, आणि बोलताना बाजूला तोच कागद धरून उभं राहावं. पुढच्या स्पर्धेचे अर्ज छापायला जातील त्याआधी हे सहज करता येईल. छपाईचा जादा खर्च एका फुटबॉलच्या किमतीपेक्षाही कमी येईल.